चिपनिर्मितीला नियंत्रणशास्त्राची जोड देणारे डॉ. प्रमोद खरगोणेकर

सेमीकंडक्टर चिप तयार करणे म्हणजे सिलिकॉनच्या तबकडीवर शेकडो प्रक्रिया ओळीने आणि अचूक पार पाडणे. त्यांतील एक जरी बिघडली, तरी आधीचे सारे श्रम वाया जातात. ही अचूकता केवळ अनुभवावर न सोडता गणिताच्या आधारे साधण्याचा प्रयत्न ज्या विद्युत अभियंत्यांनी केला, त्यांत डॉ. प्रमोद खरगोणेकर यांचा समावेश होतो.

१९५६ मध्ये इंदूर येथे जन्मलेल्या खरगोणेकर यांनी १९७७ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात त्यांनी १९८१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर फ्लोरिडा, मिनेसोटा व मिशिगन या विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले.

यंत्रणेचे वर्तन मोजायचे, अपेक्षेपासून पडलेले अंतर ओळखायचे आणि ते आपोआप दुरुस्त करायचे, हे नियंत्रणशास्त्राचे सूत्र. मात्र यंत्रणेचे गणिती प्रारूप कधीच तंतोतंत नसते. त्यातील त्रुटी गृहीत धरूनही खात्रीने काम करणारा नियंत्रक कसा रचावा, याचे उत्तर ‘एच-इन्फिनिटी’ पद्धतीने दिले. डॉयल, ग्लोव्हर आणि फ्रान्सिस यांच्यासमवेत खरगोणेकर यांनी १९८९ मध्ये लिहिलेला शोधनिबंध या विषयातील पायाभूत मानला जातो.

मिशिगनमध्ये हे शास्त्र चिपनिर्मितीच्या यंत्रांपर्यंत पोहोचले. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये सळईची जाडी मोजून रोलमधील अंतर बदलता येते. चिपवरील सूक्ष्म रेषा मात्र बंद निर्वात कक्षात प्लाझ्माने कोरल्या जातात. काम चालू असताना कक्ष उघडून पाहण्याची सोय नसते. त्यामुळे वायूचा प्रवाह, दाब आणि विद्युतशक्ती आधीच ठरवून ठेवली जाई. परंतु कक्षाची स्थिती बदलली, की त्याच मापांतून वेगळा परिणाम निघतो. मिशिगनच्या संशोधकांनी प्लाझ्मातील फ्लोरिनचे प्रमाण आणि विद्युतदाब प्रक्रिया चालू असतानाच मोजून यंत्राला तत्क्षणी दुरुस्त करण्याची पद्धत विकसित केली. त्याविषयीचा शोधनिबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. खरगोणेकर त्याचे एक लेखक होते.

पुढे २००१ ते २००९ या काळात ते फ्लोरिडा विद्यापीठात अभियांत्रिकीचे अधिष्ठाता होते. २०१३ ते २०१६ या काळात त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या अभियांत्रिकी विभागाची धुरा सांभाळली आणि २०१६ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत रुजू झाले. २०१९ मध्ये त्यांना ‘आयईईई’चा नियंत्रणशास्त्रातील पुरस्कार मिळाला.

भारताने २०२१ मध्ये सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. यंत्रे पैसे मोजून आणता येतात; ती दिवसेंदिवस अचूक चालवण्याची विद्या मात्र विद्यापीठांतूनच घडवावी लागते. खरगोणेकर यांची कारकीर्द नेमके हेच अधोरेखित करते.