त्रेसष्ट दिवस शरीर कशावर चाललं?

सेवाग्रामला आलेले पाहुणे बापू कुटी बघतात, चरखा बघतात आणि परततात. आश्रमातल्या प्रा. जयकृष्ण भन्साळींचं नाव मात्र थोड्यांनाच आठवतं. आज आपण त्यांच्या उपोषणाकडे जरा वेगळ्या बाजूनं बघणार आहोत. माणूस त्रेसष्ट दिवस जेवला नाही, तर त्याचं शरीर चालतं कशावर?

आधी प्रसंग समजून घेऊ. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात चिमूरला उठाव झाला. गोळीबार झाला, सरकारी अधिकारीही मारले गेले. मग फौज आली आणि गावातल्या बायकांवर अत्याचार झाले. सरकार चौकशी करायला तयार नव्हतं, आणि गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. अशा वेळी भन्साळी चौकशीसाठी उपोषणाला बसले. वर्तमानपत्रांना ही बातमी छापायची बंदी होती. ११ नोव्हेंबर १९४२ ला सुरू झालेलं उपोषण सरकारशी तडजोड झाल्यावर १२ जानेवारी १९४३ ला सुटलं.

आता शरीराचा हिशेब मांडू. यकृतातली साखर साधारण दिवसभरात संपते. चरबी शिल्लक असते, पण मेंदूला साखर लागते आणि चरबीतून ती जवळजवळ मिळत नाही. मग शरीर स्नायूंतली प्रथिनं मोडतं आणि यकृत त्यांची साखर बनवतं. एक ग्रॅम प्रथिनातून सुमारे ४ कॅलरी मिळतात आणि चरबीतून ९. पण खरी अडचण पुढेच आहे. चरबी म्हणजे साठवलेलं सरपण. प्रथिनांचा असा साठा नसतोच. हृदय, श्वासाचे स्नायू, सगळं त्यांचंच बनलेलं. ती जाळणं म्हणजे घराचे वासे काढून चुलीत घालणं.

हे मोजलं कसं? १९१२ मध्ये बोस्टनला फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी एका माणसाच्या ३१ दिवसांच्या उपवासात लघवीतला नायट्रोजन रोज मोजला. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे सव्वासहा ग्रॅम प्रथिनं जळाली. पुढे १९६० च्या दशकात जॉर्ज काहिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की काही आठवड्यांत मेंदू चरबीपासून बनलेल्या कीटोनवर चालू लागतो. त्यामुळे सुरुवातीला रोज जळणारी सुमारे ७५ ग्रॅम प्रथिनं २० ग्रॅमपर्यंत खाली येतात.

गणित करून बघा. रोज ७५ ग्रॅमनं त्रेसष्ट दिवसांत पावणेपाच किलो प्रथिनं गेली असती. माणसाच्या अंगात सगळी मिळून दहा-बारा किलो असतात. एवढी गेल्यावर जगणं अवघडच! २० ग्रॅमच्या दरानं मात्र सव्वा किलोच जातात. भन्साळींचे आकडे आपल्याजवळ नाहीत, हा सर्वसाधारण हिशेब आहे. पण अशी उपोषणं शक्य होतात ती या काटकसरीमुळे.

आणि तरी दिवसांचा आकडा सगळं सांगत नाही. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतीन दासही त्रेसष्ट दिवस उपोषण करून गेले. त्यांना बळजबरीनं दूध पाजताना फुप्फुसाला इजा झाली होती.

हा हिशेब आपल्या घरच्या ताटालाही लागू आहे. ज्या लेकराला भाकरी-भात पोटभर मिळत नाही, त्याला नुसती डाळ वाढून भागत नाही. पुरेशी ऊर्जा नसली, की त्या डाळीतली प्रथिनंही चुलीत जातात आणि अंगाला लागत नाहीत. डाळ तर हवीच, पण आधी पोट भरायला हवं. भन्साळींनी उपाशी राहणं स्वतः निवडलं होतं. उपाशी लेकरानं काही निवडलेलं नसतं, म्हणून त्याचा हिशेब आपण ठेवायचा.