जेट्टा : चीनमधील एक मोटार, तीन नावे

जेट्टा ही चीनमध्ये दीर्घकाळ उत्पादित झालेली, मध्यमवर्गीय कुटुंबांत लोकप्रिय ठरलेली सेडान मोटार होय. जर्मनीची फोक्सवॅगन व चीनची सरकारी एफएडब्ल्यू यांनी १९९१ मध्ये संयुक्त कंपनी स्थापन केली आणि त्याच वर्षी जिलिन प्रांतातील चांगचुन येथे दुसऱ्या पिढीच्या जेट्टाची जुळणी सुरू झाली. युरोपात ही पिढी १९९२ मध्ये बंद झाली; चीनमध्ये मात्र बाह्यरूप व इंजिनात सुधारणा करीत ती २०१३ पर्यंत तयार होत राहिली. साधी रचना व सुलभ दुरुस्ती यांमुळे टॅक्सीचालकांचीही तिला पसंती लाभली.

पुढील पिढ्या तिच्या जोडीनेच, निराळ्या नावांनी विकल्या गेल्या. चौथी पिढी २००१ मध्ये ‘बोरा’, तर पाचवी २००६ मध्ये ‘सॅजिटार’ या नावाने आली. २०१२ मध्ये आलेल्या नव्या सॅजिटारच्या बहुतेक आवृत्त्यांत मागील चाकांसाठी स्वतंत्र सस्पेन्शनऐवजी साधी रचना वापरण्यात आली. मागील आसाच्या भागाबाबत ग्राहकांच्या तक्रारी वाढल्यानंतर २०१४ मध्ये पाच लाखांहून अधिक सॅजिटार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या.

२०१९ मध्ये जेट्टा या नावाचा स्वतंत्र ब्रँड झाला. प्रथमच मोटार घेणाऱ्या तरुणांसाठी आणलेल्या या मालिकेत ‘व्हीए३’ या सेडानचा समावेश होता.