एलियान रादिग
एलियान रादिग (जन्म: २४ जानेवारी १९३२, पॅरिस) या विद्युत्-संगीताच्या क्षेत्रातील अग्रगण्य फ्रेंच संगीतकार होत. दीर्घ, अखंड आणि अत्यंत संथपणे पालटत जाणारा नाद हे त्यांच्या रचनांचे मुख्य लक्षण मानले जाते.

प्रारंभिक जीवन

चित्रशिल्पकार आर्मां यांच्याशी विवाह झाल्यावर रादिग नीस येथे राहू लागल्या. त्यांना तीन अपत्ये झाली. ध्वनिमुद्रित आवाजांपासून संगीत रचणाऱ्या प्येर शेफेर यांची रचना त्यांनी रेडिओवर ऐकली आणि १९५० च्या दशकात पॅरिसला त्यांच्याकडे शिक्षण घेतले. मात्र संसारामुळे त्यात खंड पडत राहिला. आर्मां यांच्यापासून विभक्त झाल्यावर १९६७ मध्ये त्या प्येर आंरी यांच्या साहाय्यक झाल्या. मायक्रोफोन लाउडस्पीकरजवळ आणल्यावर उमटणारा आवाज सामान्यतः दोष समजला जातो. रादिग यांनी तोच काटेकोरपणे हाताळून आपल्या आरंभीच्या रचना घडवल्या.

सिंथेसायझरवरील रचना

१९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्यांचा सिंथेसायझरशी परिचय झाला. त्यांनी 'आर्प २५००' हे यंत्र निवडले. त्याची कळपट्टी मात्र घेतली नाही. पुढे सुमारे तीन दशके याच यंत्रावर, बहुधा घरीच व एकट्याने, त्यांनी फितींवर रचना सिद्ध केल्या.

'अद्नोस' (१९७४) ही रचना कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेजात सादर झाली. तेथे भेटलेल्या काही फ्रेंच विद्यार्थ्यांमुळे त्या तिबेटी बौद्ध साधनेकडे वळल्या व काही वर्षे संगीतरचना थांबली. पुढे गुरूंच्या प्रोत्साहनाने त्यांनी ती पुन्हा सुरू केली. 'त्रिलॉजी द ला मॉर' (१९८८–१९९३) ही सुमारे तीन तासांची मृत्युविषयक रचना त्यांची प्रमुख कृती होय. तिच्या 'क्येमा', 'कैलाश' व 'कूमे' या तीन भागांपैकी पहिल्यामागे 'बार्दो थोदोल' या तिबेटी ग्रंथाची प्रेरणा आहे. रचनेचे काम चालू असतानाच त्यांच्या मुलाचा मोटार अपघातात मृत्यू झाला.

'लील रेसोनांत' (२०००) या त्यांच्या अखेरच्या विद्युत्-रचनेला २००६ मध्ये आर्स इलेक्ट्रॉनिकाचा 'गोल्डन निका' पुरस्कार मिळाला.

वाद्यांसाठी रचना

सत्तरीनंतर रादिग यांनी सिंथेसायझर सोडून वादकांसाठी लिहिण्यास, किंबहुना सांगण्यास, प्रारंभ केला. चेलोवादक चार्ल्स कर्टिस यांच्यासाठी त्यांनी 'नाल्जोर्लाक' (२००५) रचले. २०११ पासूनच्या 'ऑकम ओशन' मालिकेतील रचनांना स्वरलिपी नाही. पाण्याशी निगडित एखादी प्रतिमा मनाशी धरून त्या व वादक एकत्र बसून रचना घडवत. त्यामुळे ती त्या वादकाचीच होते आणि पुढे दुसऱ्याकडे मौखिक परंपरेनेच जाऊ शकते.