मांजराची हुकलेली उडी

म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखू लागले तरी ते सहसा लंगडत नाही. झीज बहुधा दोन्ही कोपरांत किंवा दोन्ही खुब्यांत होते, त्यामुळे एक पाय वाचवून चालण्याची सोय उरत नाही. मांजर मग उड्या कमी करते, ओट्यावर चढताना मध्ये स्टुलाचा टप्पा घेते, नाहीतर खालूनच ओट्याकडे बघत बसते. ‘वय झालं’ म्हणून घरचे ते सोडून देत, आणि पशुवैद्यकशास्त्रानेही विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जवळजवळ तेच केले.

याचे मूळ या शास्त्राच्या घडणीत आहे. जनावराचा पाय तपासला जाई तो त्याच्याकडून काम करून घ्यायचे म्हणून. आपल्याकडची शालिहोत्राची परंपरा घोड्याच्या वैद्यकाची. पालकाप्याच्या नावावरचा ‘हस्त्यायुर्वेद’ हत्तीचा. युरोपात १७६१ साली लिऑंच्या पशुवैद्यक शाळेची स्थापना करणारा क्लोद बूर्झला मुळात घोडेस्वारीच्या शाळेचा प्रमुख होता. लंडनची शाळा १७९१ची आणि परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६चे. त्या काळी या शिक्षणाचा भर घोड्यांवर आणि गुरांवर होता. घोडा लंगडला की टांगा बंद पडे. उंदरांवर जगणाऱ्या मांजराच्या खुब्यासाठी मात्र कोणी पैसे मोजत नसे. पुढे कुत्र्या-मांजरांचे दवाखाने निघाले, तरी मांजराला बराच काळ छोटा कुत्राच समजले गेले. केवळ मांजरांच्या आजारांकडे लक्ष देणारी ‘फेलाइन ॲडव्हायझरी ब्युरो’ ही संस्था ब्रिटनमध्ये निघाली ती १९५८ साली.

मांजराच्या हाडासांध्यांचा एक विकार मात्र त्यामानाने लवकर लक्षात आला, कारण तो डोळ्यांत भरणारा होता. निव्वळ लिव्हरवर, म्हणजे काळजावर, पोसलेल्या मांजरांच्या शरीरात अ जीवनसत्त्व साचते. मानेच्या मणक्यांभोवती नवे हाड वाढते आणि मणके एकमेकांना सांधले जातात. मान वळत नाही, त्यामुळे अंग चाटता येत नाही आणि केसांच्या गाठी होतात; काही मांजरे कांगारूसारखी पुढचे पाय उचलून बसतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९६०च्या दशकात हा संबंध तपशिलाने मांडला. लाडाने खाऊ घातलेल्या पदार्थाचे हे फळ होते.

साध्या म्हातारपणाच्या झिजेला आणखी चार दशके थांबावे लागले. २००२ साली अमेरिकेत बारा वर्षांवरच्या १०० मांजरांच्या जुन्या एक्स-रे फिल्म पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा ९० टक्के मांजरांत सांध्यांच्या ऱ्हासाच्या खुणा आढळल्या. २०१०मध्ये नॉर्थ कॅरोलिनात सहा महिने ते वीस वर्षे वयाच्या १०० मांजरांची पाहणी झाली. तिथे हे प्रमाण ९२ टक्के निघाले. अर्थात खूण दिसली म्हणजे दुखतेच असे नाही, आणि एक्स-रे स्वच्छ असूनही कूर्चा झिजलेली असू शकते. म्हणूनच ग्लासगोमधला २००६चा छोटा, अवघ्या २८ मांजरांचा अभ्यास जास्त उपयोगाचा ठरला. त्यात लंगडण्यापेक्षा उडी टाळणे आणि उडीची उंची घटणे हीच लक्षणे ठळक दिसली. तेव्हापासून तपासणीत उडी, जिना, वाढलेली नखे आणि मातीच्या ट्रेबाहेर झालेली लघवी यांची विचारपूस होऊ लागली. अनुभवी डॉक्टर आता घरी काढलेला मोबाइलवरचा व्हिडिओ मागतात, कारण दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेले मांजर चालतच नाही.

उपचार मागे राहिले ते मांजराच्या यकृतामुळे; ते अनेक वेदनाशामके नीट मोडू शकत नाही. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. ॲस्पिरिनची निम्मी मात्रा शरीराबाहेर पडायला सुमारे दीड दिवस लागतो. मेलोक्झिकॅम या वेदनाशामकाला युरोपने २००७मध्ये मांजरांच्या दीर्घकालीन उपचारासाठी मान्यता दिली, तर अमेरिकेत २०१०मध्ये मूत्रपिंडे निकामी होण्याचा ठळक इशारा त्याच्या वेष्टनावर आला. त्यानंतरचे पाऊल वेगळ्या वाटेचे होते. वेदनेचा संदेश वाढवणाऱ्या चेतातंतू-वृद्धी घटकाला अडवणारे फ्रुनेव्हेटमॅब हे प्रतिपिंड युरोपात २०२१मध्ये आणि अमेरिकेत जानेवारी २०२२मध्ये मंजूर झाले. ते महिन्यातून एकदा कातडीखाली टोचतात. त्याच्या चाचण्यांत गुण आला की नाही हे ठरवताना मालकांनी नेमून दिलेल्या त्या-त्या मांजराच्या रोजच्या हालचालींचाही आधार घेतला गेला: सोफ्यावर चढणे, जिना उतरणे, खेळायला धावणे.