दीर्घकाळ चालणाऱ्या कॉमिक्स मालिका : नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी?

शिवकाशी, चेन्नई आणि ‘वेताळा’ची दोन रूपे

चेन्नईत दरवर्षी पोंगलच्या सुमारास दक्षिण भारतातील पुस्तक विक्रेते व प्रकाशकांच्या ‘बापासी’ या संघटनेतर्फे ग्रंथप्रदर्शन भरविले जाते. १९७७ पासून चालत आलेल्या या प्रदर्शनात शिवकाशीच्या लायन–मुत्तू कॉमिक्सचाही गाळा असतो. तेथे पन्नाशी उलटलेले जुने वाचक आणि त्यांचे बोट धरून आलेली मुले एकाच मेजासमोर उभी राहतात. जुन्यांना काय हवे ते ठाऊक असते. नव्यांना मात्र शेकडो अंकांच्या राशीतून पहिले पुस्तक कोणते उचलावे, हा प्रश्न पडतो. जगभरातील महानायकांच्या चित्रकथांसमोर हाच प्रश्न आज उभा आहे. त्याचे एक व्यवहार्य उत्तर तमिळनाडूत फार पूर्वीच शोधले गेले होते.

प्रश्नाचे स्वरूप आधी पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेत ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८ च्या अंकात सुपरमॅन प्रथम अवतरला. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये बॅटमॅन, तर ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’मध्ये स्पायडरमॅन आला. ‘ॲक्शन कॉमिक्स’ने एप्रिल २०१८ मध्ये हजारावा अंक गाठला आणि पुढील वर्षी ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’नेही तो टप्पा ओलांडला. एका नायकाच्या एकाहून अधिक मालिका, त्यांचे परस्परांत गुंतलेले प्रसंग, मरून परत येणारी पात्रे हे सारे लक्षात घेता क्रमाने वाचन करू पाहणारा वाचक वर्षानुवर्षे मागेच राहील. प्रकाशकांनाही याची जाणीव आहे. डीसी या संस्थेने १९८५–८६ मध्ये आपल्या साऱ्या विश्वाची पुनर्रचना केली, २०११ मध्ये ५२ मालिका पुन्हा पहिल्या क्रमांकापासून सुरू केल्या आणि २०१६ मध्ये आणखी एकदा नवी मांडणी केली. नव्या वाचकासाठी उघडलेल्या प्रत्येक दारामागे काही वर्षांतच पुन्हा तोच पसारा जमतो, असा आजवरचा अनुभव आहे.

पहिला अंक हीच पहिली पायरी?

‘पहिल्या अंकापासून वाचा’ हा सल्ला सर्वांत सोपा आणि बहुधा सर्वांत चुकीचा आहे. १९३८ मधील सुपरमॅनला उडता येत नव्हते, तो केवळ लांब उड्या मारत असे. ली फॉक यांची ‘फँटम’ ही मालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रांतून सुरू झाली, तेव्हा जिमी वेल्स नावाचा न्यूयॉर्कमधील एक धनाढ्य तरुणच मुखवट्यामागे असल्याचे दाखविण्याचा फॉक यांचा विचार होता. कथा चालू असतानाच त्यांनी बेत बदलला. कवटीची गुहा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली शपथ आणि ‘चालता-बोलता भूत’ ही आख्यायिका त्यानंतर आकारास आली. म्हणजेच आरंभाची पाने वाचणाऱ्याला नंतरचा परिचित नायक तेथे पूर्णपणे भेटतच नाही.

तमिळ वाचकांचा सर्वाधिक लाडका नायक याहूनही वेगळा आहे. ब्रिटनच्या ‘व्हॅलियंट’ साप्ताहिकात ऑक्टोबर १९६२ मध्ये ‘द स्टील क्लॉ’ ही मालिका सुरू झाली. लुई क्रँडेल या प्रयोगशाळेतील साहाय्यकाचा उजवा हात अपघातात जातो आणि त्याला पोलादी हात बसविला जातो. पुढे एका स्फोटात विजेचा तीव्र धक्का बसल्यावर तो अदृश्य होतो, मात्र पोलादी हात तेवढा दिसत राहतो. आरंभीच्या भागात हा मनुष्य चक्क गुन्हेगार आहे. गुप्तहेर म्हणून त्याचे कार्य नंतर सुरू होते. ‘लायन’ या ब्रिटिश साप्ताहिकात १९६५ मध्ये आलेला ‘स्पायडर’ हाही प्रथम गुन्हेगारी जगाचा सम्राट होऊ पाहणारा खलनायक होता. (अमेरिकन स्पायडरमॅनशी त्याचा काहीही संबंध नाही.) सुपरमॅनचे सहनिर्माते जेरी सीगल यांनी पुढे या स्पायडरच्या कथा लिहिल्या, ही बाब आजही अनेकांना आश्चर्यकारक वाटते.

शिवकाशीचा मार्ग

फटाके, आगपेट्या आणि छपाई यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शिवकाशी येथून एम. सौंदरपांडियन यांनी मुत्तू कॉमिक्स सुरू केले. १९७२ मध्ये निघालेल्या पहिल्या अंकाचा नायक हाच पोलादी हाताचा क्रँडेल होता. तमिळमध्ये त्याला ‘इरुंबुक्कै मायावी’, म्हणजे लोखंडी हाताचा मायावी, असे नाव मिळाले. पुढे १९८४ मध्ये सौंदरपांडियन यांचे पुत्र एस. विजयन यांच्या संपादनाखाली लायन कॉमिक्स निघाले. त्याचा पहिला अंक ‘मॉडेस्टी ब्लेझ’ या ब्रिटिश नायिकेचा होता आणि लवकरच त्यात स्पायडरही आला. त्याच वर्षी चेन्नईतून ‘दिनत्तंती’ समूहाचे राणी कॉमिक्स सुरू झाले आणि सुमारे दोन दशके चालले. राणी कॉमिक्समध्ये जेम्स बाँडबरोबर फँटमही होता आणि त्याचेही नाव ‘मायावी’च होते. त्यामुळे तमिळ वाचकाने ‘मायावी’ म्हटले की लोखंडी हाताचा की मुखवट्याचा, असे विचारावे लागे.

या प्रकाशनांनी मूळ मालिकेचा क्रम शिरोधार्य मानला नाही, ही येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. ब्रिटनमध्ये हे नायक साप्ताहिकातून दर आठवड्याला मोजक्या पानांनी पुढे सरकत. एक अंक चुकला तर धागा तुटे. तमिळमध्ये मात्र वाचकाच्या हाती एका पुस्तकात एक संपूर्ण कथा पडू लागली. आवडती कथा निवडायची, तिचा आदि-अंत एका अंकात बसवायचा आणि नायकाची ओळख ओघात करून द्यायची, अशी ही पद्धत होती. बसस्थानकावरील दुकानातून प्रवासापुरता अंक विकत घेणाऱ्या ग्राहकाला मागील अंक मिळेलच याची शाश्वती नसे. चेन्नईचे मूर मार्केट तर जुन्या पुस्तकांसाठी ख्यातनाम होते. १९८५ च्या आगीत ते नष्ट झाले. अशा बाजारात जे हाती येईल तेच पहिले पुस्तक ठरत असे. व्यापाराच्या निकडीतून निघालेली ही युक्ती नव्या वाचकाच्या दृष्टीने अमेरिकन प्रकाशकांच्या वारंवार होणाऱ्या पुनर्रचनांपेक्षा अधिक उपयोगी ठरली, असे म्हणावयास हरकत नाही.

कथा आटोपशीर असल्या, तरी सर्वच सारख्या दर्जाच्या नाहीत. क्रँडेलच्या संदर्भात आरंभीची, म्हणजे अपघात आणि अदृश्यतेची कथाच प्रथम वाचावी, कारण येथे उगम आणि उत्कंठा एकत्र आहेत. हवेत तरंगणारा एकटा पोलादी हात ही कल्पना स्पॅनिश चित्रकार हेसूस ब्लास्को यांनी कृष्णधवल रेखाटनात ज्या सामर्थ्याने उतरविली, ती पाहण्यासाठी भाषा येण्याचीही आवश्यकता नाही. तमिळ न जाणणाऱ्यांसाठी रिबेलियन या ब्रिटिश संस्थेने २०२१ मध्ये क्रँडेल आणि स्पायडर या दोघांच्याही आरंभीच्या कथांचे संग्रह इंग्रजीत पुन्हा उपलब्ध केले आहेत. स्पायडरच्या कथा मात्र थोड्या थोड्या वाचलेल्या बऱ्या. त्यांतील अतिशयोक्ती सलग वाचनात थकविते.

मध्यंतरीच्या मंदीनंतर लायन–मुत्तूने २०१२ मध्ये पुनरागमन केले. मोठा आकार, उत्तम कागद, रंगीत छपाई आणि वार्षिक वर्गणी हे नव्या पर्वाचे विशेष होत. आता इटलीचा टेक्स विलर हा पश्चिमी नायक तेथे आघाडीवर आहे. टेक्सला कोणतीही अद्भुत शक्ती नाही, पण त्याची मालिका १९४८ पासून अखंड चालू आहे. जानेवारी २०२२ मध्ये मुत्तू कॉमिक्सला ५० वर्षे पूर्ण झाली.

दोन वेताळ

मराठी वाचकाला या विषयाची ओळख नवी नाही. किंबहुना त्याच्या वाट्याला दोन वेताळ आले. पहिला मद्रासहून आला. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेथे ‘चंदामामा’ सुरू केला आणि १९५२ मध्ये त्याची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने निघू लागली. त्यातील विक्रम-वेताळाच्या कथांचे चित्र सर्वांच्या स्मरणात आहे. हातात तलवार, पाठीवर प्रेत आणि स्मशानातून निघालेला राजा, असे ते चित्र ‘शंकर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या के. सी. शिवशंकरन यांचे होते. २०२० मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी चेन्नईत त्यांचे निधन झाले.

दर महिन्याला राजा झाडावरून प्रेत उतरवी, वेताळ गोष्ट सांगे, प्रश्न विचारी, राजा मौन सोडी आणि वेताळ परत झाडावर जाई. ही चौकट दर वेळी नव्याने सांगितली जात असल्यामुळे चांदोबाचा कोणताही अंक हा पहिला अंक होऊ शकत असे. अनेक दशके चाललेल्या त्या सदरात कोठूनही प्रवेश करण्यास कोणाला अडचण आली नाही.

दुसरा वेताळ मुंबईचा. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या मराठी आवृत्तीत फँटमला ‘वेताळ’ हे नाव देण्यात आले. इंग्रजीतील पहिला अंक ‘द फँटम्स बेल्ट’ हा होता. मूळ मालिका तेव्हा २८ वर्षांची झाली होती, तरीही भारतीय वाचकाचे काहीच अडले नाही. ली फॉक यांनीही तशीच सोय करून ठेवली होती. १५३६ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेल्या पहिल्या फँटमपासून सध्याच्या एकविसाव्यापर्यंतचा वंश एखाद-दुसऱ्या चौकटीत सांगून कथा सुरू होई. कोणत्याही पूर्वजाची कथा स्वतंत्र वाचता येई. इंद्रजालने प्रसंगी नावेही बदलली. वेताळाचा देश ‘डेंकाली’ झाला, तर ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्माण केलेला ‘बहादूर’ हा भारतीय नायकही त्याच मालेत आला.

इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले आणि पुढे चांदोबाचेही प्रकाशन थांबले. तमिळ वाचक आजही नव्या अंकाची वाट पाहू शकतो. मराठीत मात्र त्या परंपरेचा धागा तेथेच तुटला. जुने मराठी अंक आता प्रामुख्याने संग्राहकांकडे आणि रद्दीच्या दुकानांत सापडतात. घरात आजोबांनी जपलेला एखादा गठ्ठा असेल, तर त्यातील कोणताही अंक नातवाने निःशंकपणे उघडावा. वेताळाचा विवाह (१९७७) आणि जुळ्या अपत्यांचा जन्म (१९७९) या दोन घटना सोडल्या, तर क्रमाची फारशी आवश्यकता भासत नाही.

सध्या काय वाचावे?

मराठी वाचकांपैकी अनेकांना हिंदी सहज वाचता येते. त्यांच्यासाठी दिल्लीच्या राज कॉमिक्सचा मार्ग उपलब्ध आहे. १९८६ मध्ये आलेल्या ‘नागराज’च्या आरंभीच्या अंकांची चित्रे ‘अमर चित्र कथे’मुळे महाराष्ट्राला परिचित असलेले चित्रकार प्रताप मुळीक यांनी काढली होती. तथापि सुरुवात करण्यासाठी अनुपम सिन्हा यांचा ‘सुपर कमांडो ध्रुव’ अधिक योग्य वाटतो. १९८७ च्या ‘प्रतिशोध की ज्वाला’ या पहिल्या अंकात सर्कशीतील मुलगा नायक कसा होतो हे संपूर्णपणे येते. येथे पहिला अंक खरोखरच पहिली पायरी आहे. ध्रुवजवळ अमानवी सामर्थ्य नाही, तो बुद्धीने संकटातून सुटतो. त्यामुळे शालेय वयाच्या वाचकाला तो विशेष जवळचा वाटतो.

इंग्रजी वाचणाऱ्यांनी अमेरिकन महानायकांच्या बाबतीत मासिक अंकांच्या मागे न लागता आरंभ आणि शेवट असलेली पुस्तके निवडावीत. बॅटमॅनसाठी फ्रँक मिलर व डेव्हिड मॅझुकेली यांचे ‘बॅटमॅन : इयर वन’ (१९८७) पुरेसे आहे. मूळचे ते चार अंकांचे आहे. सुपरमॅनसाठी ग्रँट मॉरिसन व फ्रँक क्वाइटली यांच्या १२ अंकांच्या ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ची (२००५–०८) शिफारस करता येईल. त्यातील उगमकथा एका पानात आटोपते. किशोरवयीन वाचकांसाठी २०१४ ची ‘मिस मार्व्हल’ उत्तम आहे. जर्सी सिटीतील पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातील कमला खान ही तिची नायिका आहे. ‘वॉचमेन’ (१९८६–८७) सर्वांत अधिक सुचविले जाते. परंतु महानायकांच्या संकेतांची परिचित चौकट मोडून दाखविणारे ते पुस्तक असल्याने ती चौकट ठाऊक झाल्यानंतरच हाती घ्यावे.

स्पायडरमॅनचे चित्र थोडे निराळे आहे. २००४ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती निघाली आणि तिच्यात मुंबईचा पवित्र प्रभाकर हा युवक नायक होता. चार अंकांची ती कथा स्वतंत्र आहे. हेच पात्र २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात आले. तो चित्रपट भारतात तमिळ व मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला.

चेन्नईच्या प्रदर्शनास भेट देणाऱ्या मराठी वाचकाने तमिळ येत नसले तरी शिवकाशीच्या गाळ्यावर डोकावून पाहावे. क्रँडेलचा एखादा कृष्णधवल अंक उघडला की लोखंडी हात ओळखू येतो आणि पहिली दोन-तीन पाने शब्दांवाचूनही समजतात.