एकमताला लागली ८३ वर्षं!

बेब रूथ हे नाव बेसबॉल न बघणाऱ्यांनीही कुठेतरी ऐकलेलं असतं. आपल्याकडे ब्रॅडमनचं जे स्थान, तेच तिकडे रूथचं. पण गंमत बघा, १९३६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिलं मतदान झालं, तेव्हा २२६ पैकी ११ पत्रकारांनी चक्क रूथला मत दिलं नाही!

हा हॉल ऑफ फेम म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाऊन गावातलं म्युझियम. नियम अगदी रोखठोक. खेळाडू मेजर लीगमध्ये किमान १० मोसम खेळलेला हवा आणि निवृत्त होऊन ५ वर्षं झालेली हवीत. मत देणार बेसबॉल पत्रकारांच्या संघटनेचे किमान १० वर्षं सभासद असलेले लोक. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त १० नावं. ७५ टक्के मतं पडली की आत, ५ टक्क्यांच्या खाली गेला की यादीतून बाद. मधल्यांना एकूण १० संधी. प्रोग्राम लिहायला बसलो तर वीस ओळींत संपेल.

पण एक अट कोडमध्ये बसत नाही. आकड्यांबरोबर प्रामाणिकपणा, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्यही बघा, असं मतदारांना सांगितलेलं आहे. बॅरी बॉन्ड्सच्या नावावर ७६२ होमरन आहेत, म्हणजे सर्वांत जास्त. पण उत्तेजकांचा डाग होता. २०२२ मध्ये शेवटच्या संधीत तो ६६ टक्क्यांवर अडकला.

शिवाय काही मतदारांनी एक अलिखित नियमही धरून ठेवला होता : रूथला एकमत मिळालं नाही, मग दुसऱ्याला कशाला? १९७९ मध्ये विली मेजला ४३२ पैकी २३ जणांनी वगळलं, १९८२ मध्ये हँक एरनला ९ जणांनी. आमच्या धंद्यात असे जुने बग खूप असतात. कोणी दुरुस्त करत नाही, कारण 'पहिल्यापासून असंच आहे'! शेवटी २०१९ साली मारियानो रिवेराला ४२५ पैकी ४२५ मतं पडली. त्यानंतर २०२५ मध्ये इचिरो पुन्हा एका मताने हुकला.

असो. एकमत हुकलं म्हणून कोणाचं फारसं बिघडत नाही. बिघडलं ते ज्यांचं नाव मतपत्रिकेवर येऊच शकत नव्हतं त्यांचं. अलिखित बंदीमुळे १९४७ पर्यंत मेजर लीगचं दार कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होतं. जबरदस्त फटकेबाज जॉश गिब्सन त्या वर्षी जानेवारीत वारला, आणि एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला. रॉबिन्सन बरोब्बर १० मोसम खेळला आणि १९६२ मध्ये निवडून आला. १२० मतं लागत होती, त्याला १२४ पडली. गिब्सनच्या खात्यात मात्र मेजर लीगचा एकही सामना नव्हता. मग १० मोसमांची अट पुरी करणार कशी?

१९६६ मध्ये टेड विल्यम्सने स्वतःच्या सन्मानाच्या भाषणात हाच विषय काढला. पाच वर्षांनी खास समिती नेमली गेली. आधी या खेळाडूंसाठी वेगळं दालन करायचं घाटत होतं, पण टीका झाल्यावर तो बेत सोडला. १९७१ मध्ये सॅचेल पेज आत आला, १९७२ मध्ये गिब्सन.

म्हणून कुठल्याही 'सर्वोत्तम'च्या यादीत मतं कशी मोजली हे मी नंतर बघतो. यादीत यायची परवानगी कोणाला होती, हे आधी.