तर्कप्रश्नाची भाषा : एक ऐतिहासिक टिपण

प्रमाणित कसोट्यांतील तर्कप्रश्न हा उमेदवाराची विचारशक्ती मोजतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दिलेल्या विधानांतून कोणता निष्कर्ष निघतो एवढेच तेथे विचारलेले असते. बाहेरच्या ज्ञानाची अपेक्षा नसते. परंतु विधान म्हणजे वाक्य, आणि वाक्य हे नेहमी कोणत्यातरी एका भाषेतले असते. ह्या साध्या गोष्टीचा कसोट्यांच्या इतिहासात कसा प्रत्यय आला, हे पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

आल्फ्रेड बिने व थेओडोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची पहिली श्रेणी पॅरिस येथे १९०५ साली सिद्ध केली. पुढे इंग्लंडात सिरिल बर्ट यांनी शाळकरी मुलांसाठी खास तर्काच्या कसोट्या रचल्या. त्यांतील एक प्रश्न पुढे प्रसिद्धी पावला. ईडिथ ही ऑलिव्हपेक्षा उजळ आहे, पण लिलीपेक्षा सावळी आहे. तर ऑलिव्ह व लिली यांत अधिक सावळी कोण? उत्तर अर्थातच ऑलिव्ह.

१९१९ साली झाँ पियाजे हे तरुण स्विस संशोधक पॅरिसला आले. बर्ट यांच्या कसोट्या फ्रेंच मुलांसाठी प्रमाणित करण्याचे काम सिमाँ यांनी त्यांच्याकडे सोपविले. फ्रेंच पाठात ऑलिव्हची सुझान झाली. अचूक उत्तरांची टक्केवारी काढणे एवढेच वस्तुतः अपेक्षित होते. पियाजे यांचे लक्ष मात्र चुकलेल्या उत्तरांकडे वेधले, आणि ती कशी सुचली हे ते मुलांनाच विचारू लागले. कित्येक मुलांनी नेमका उलटा क्रम लावला होता : लिली सर्वांत सावळी, सुझान सर्वांत उजळ, ईडिथ मधली. ह्या उत्तरामागे एक सुसंगत वाचन होते. 'ईडिथ सुझानपेक्षा उजळ' याचा अर्थ मुलांनी 'दोघीही उजळ' असा घेतला, आणि 'लिलीपेक्षा सावळी' याचा 'ह्या दोघीही सावळ्या' असा. म्हणजे तुलनेचे वाक्य त्यांनी गुणवर्णनाचे म्हणून वाचले होते. त्या वाचनावर उभारलेला त्यांचा तर्क मात्र निर्दोष होता. ही निरीक्षणे पियाजे यांच्या १९२४ च्या ग्रंथात विस्ताराने आली आहेत.

हाच प्रश्न मराठीत आणला म्हणजे काय होते? इंग्रजीत तुलना दाखविताना विशेषणाचे रूप बदलते. फ्रेंचमध्ये विशेषणापूर्वी स्वतंत्र शब्द येतो. मराठीत विशेषण जसेच्या तसे राहते. 'सुझान उजळ आहे' आणि 'ईडिथ सुझानपेक्षा उजळ आहे' ह्या दोन्ही वाक्यांत 'उजळ' हे रूप एकच. तुलनेचा सारा भार 'पेक्षा' ह्या शब्दयोगी अव्ययावर पडतो. यावरून मराठी मुलाची तर्कशक्ती कमी-अधिक ठरत नाही. शब्दशः भाषांतर केले तरी प्रश्नातील अडचणीची जागा बदलते, एवढेच यातून सूचित होते.

नकाराच्या बाबतीत धोका अधिक आहे. 'सर्व अर्जदार पात्र नाहीत' हे विधान घ्या. 'एकही अर्जदार पात्र नाही' हा निष्कर्ष त्यातून निघतो काय? मराठीत ह्या विधानाची दोन वाचने संभवतात : कोणीच पात्र नाही, अथवा सगळेच पात्र आहेत असे नाही. पहिल्या वाचनाने निष्कर्ष निघतो, दुसऱ्याने निघत नाही. बोलताना आघाताने व संदर्भाने हा संदेह फिटतो. छापील प्रश्नपत्रिकेत ना आघात, ना संदर्भ. 'काही' ह्या शब्दाचेही असेच. तर्कशास्त्रात 'काही' म्हणजे निदान एक, कदाचित सर्वही. पण 'काही आंबे आंबट निघाले' असे ऐकताच बाकीचे गोड होते, असे आपण गृहीत धरतो. असे गृहीत धरणाऱ्या उमेदवाराला तर्क येत नाही असे म्हणण्यापेक्षा, त्या शब्दाचा पारिभाषिक संकेत त्याला ठाऊक नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य होय.

आपल्याकडे ही जाणीव नवी नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिने-श्रेणीची कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी आवृत्ती तयार केली. १९४० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ या क्षेत्रातील आरंभीच्या कार्यांपैकी एक होय. कसोटी भाषांतराने परकी भाषा सोडते, पण नव्या भाषेत तिचे पुन्हा प्रमाणीकरण करावे लागते, हा त्या उद्योगाचा धडा. तो पुढे विसरला गेला. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ साली अभिक्षमतेची प्रश्नपत्रिका आली. २०१४ साली दिल्लीत उमेदवारांनी जे आंदोलन केले, त्यात दुर्बोध हिंदी भाषांतर ही एक प्रमुख तक्रार होती. २०१५ पासून ती प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेपुरती, किमान ३३ टक्के गुणांची, करण्यात आली. गुणांचा प्रश्न त्यामुळे सौम्य झाला; वाक्यांचा तसाच राहिला.

यावर उपाय अवघड नाही. मराठी तर्कप्रश्न मुळातच मराठीत रचावा, 'सर्व... नाहीत' असल्या द्व्यर्थी रचना टाळून 'एकही नाही' किंवा 'सर्वच... असे नाही' असे लिहावे. आणि प्रश्न परीक्षेत घालण्यापूर्वी थोड्या विद्यार्थ्यांकडून सोडवून घेऊन, चुकलेल्यांना 'आपण हे वाक्य कसे वाचले?' असे विचारावे. पियाजे यांनी केले ते याहून फारसे निराळे नव्हते. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर एखाद्याची नोकरी अवलंबून असते, त्याच्या भाषेची एवढी तपासणी तरी झालीच पाहिजे.